वीस वर्षांची दाढी

फोरमनने हे दहा मिनिटांचं काम म्हणून सांगितलं होतं. पाऊण तास झाला तरी त्याची हनुवटी अजून बाकीच होती.

सकाळी त्याने कात्री लावली तेव्हा बेसिन केसांनी भरलं. कामावर निघालेली बायको दारात थबकली. "लग्नाला बारा वर्षं झाली. आज एकदाचा नवरा बघायला मिळणार म्हणायचा!" ती हसत गेली. तोही हसला.

उद्यापासून त्याला रसायनांच्या टाक्या धुवायच्या होत्या. तिथे तोंडाला मास्क लागतो, आणि दाढीवर त्याचं रबर घट्ट बसत नाही. रोज गुळगुळीत दाढी, नाहीतर गेटवरूनच घरी. पहाटेच्या पाळीआधी सलून कुठलं उघडं असायला? शेवटी फोरमननेच आपला जुना रेझर आणि ब्रश दिला. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या गालावर नुसती बोटं फिरवून सगळं करून दाखवलं. आधी गरम पाणी. मग ब्रश गोल गोल. मग केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूने रेझर. "आणि दाबायचं नाही बरं का. त्याच्या वजनानं तो आपोआप चालतो. तू नुसता धर."

नुसतं धरणंच तर जमत नव्हतं.

अठराव्या वर्षी आरशात त्याला बाबांचा चेहरा दिसला होता. त्या दिवसापासून त्याने दाढी राखली. बाबा दाढीला बसले की घर चिडीचूप व्हायचं. त्यांना कुठे कापलं, की खापर आईवर फुटायचं. तू भांडं वाजवलंस म्हणून माझा हात हलला. मग तोच हात तिच्यावर उठायचा. बाबा गेले, पण चेहरा मात्र त्याच्याकडे ठेवून गेले. तो आईला पुन्हा दिसू नये एवढ्यासाठी त्याने वीस वर्षं उन्हाळ्यात घामोळं सोसलं आणि मित्रांची टिंगल ऐकली.

आईला आधी सांगायला हवं होतं. तीन दिवस तो आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. ती बाजारात गेली की उरकून टाकू, आणि आल्यावर तिला बाहेरच्या दारातच थांबवून समजावू, असा त्याचा बेत. बेत चांगला होता. फक्त तो आखणाऱ्याने जन्मात कधी दाढी केलेली नव्हती.

बाहेर कुलपात किल्ली फिरली.

त्याची तारांबळ उडाली. हनुवटीवरून त्याने रेझर भराभर दोनदा ओढला, आणि दाबला. चरचरलं. फेसात लाल रेघ उतरली. किती कापलं ते बघायला त्याने तोंडावर पाणी मारलं, मान वर केली, आणि आरशात आई दिसली.

ती मोरीच्या दारात उभी होती. खांद्याला भाजीची पिशवी. ती आरशातल्या चेहऱ्याकडे बघत होती, त्याच्या हनुवटीवरच्या रक्ताकडे. तिचं कोपर हळूहळू वर आलं आणि कपाळापुढे आडवं झालं.

"मी भांडं नाही वाजवलं," ती म्हणाली.

त्याला त्या चेहऱ्याची किळस आली, आणि तो स्वतःचाच होता.

"आई, मी आहे गं."

"कळतंय रे मला." ती ओशाळली होती. "कळतंय." पण कोपर काही खाली येईना.

त्याने रेझर बेसिनच्या पार कोपऱ्यात सरकवला. ब्रश उचलला, साबणावर घासला आणि गालांवरून, ओठांवरून, हनुवटीवरून पांढरा फेस थापला. पार कानापर्यंत. डोळे तेवढे उघडे ठेवले.

आईने त्या डोळ्यांकडे पाहिलं. कोपर खाली आलं. खांद्यावरची पिशवी तिने जमिनीवर ठेवली.

"अजून किती वेळ लागेल तुला?" तिने विचारलं.

"लागेल थोडा."

ती तिथेच उभी राहिली. फेस सुकून फुटायला लागला, की तो पुन्हा ब्रश भिजवून फिरवत होता.