आठ गोळे

सातवा डावही तार्मीनेच जिंकला आणि ती टाळ्या पिटत उठली.

"काय बापाक, डोळे कारखान्यातच विसरून आलात की काय?" मुलगी झाल्यापासून तीही नवऱ्याला बापाकच, म्हणजे बाबाच, म्हणायची. डोक्यावरचा रुमाल सारखा करून ती शेजारच्या बायकांबरोबर शुक्रवारच्या पठणाला निघून गेली.

मुर्सोदो हसत राहिला. हसण्यावारी नेण्यात तो चांगला तरबेज झाला होता.

खेळ तसा पोराटोरांचा. पडद्यावर रंगीत गोळे लटकतात, खालून गोळा मारायचा, एका रंगाचे तीन जुळले की फुटतात. त्यांची मुलगी वेनिंग ज्या शाळेत शिकवायची तिथला भंगारात काढलेला संगणक तिने घरी आणला होता, त्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चढवली होती, आणि त्याच्याबरोबर हा खेळ फुकटात आला होता.

वेनिंग बापाच्या खुर्चीमागेच उभी होती.

"बापाक, मघाशी तुम्ही लाल गोळा हिरव्यावर मारलात. तीनदा."

"घाईत गेला."

"घाईत नाही. चांगला नेम धरून मारलात."

मुर्सोदोने उठून आधी खिडकी लावून घेतली. पेकालोंगान म्हणजे बाटिकचं गाव; तिथलं शेंबडं पोरही निळ्याच्या चार छटा नावानिशी सांगतं. त्या गावात अठ्ठावीस वर्षं बाटिकच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला लाल आणि हिरवा एकच दिसतो, हे बाहेर पडलं तर चहाच्या टपरीवर उभं राहण्याची सोय राहिली नसती. म्हणून तर त्याने तांब्याच्या ठशाने कापडावर मेण उठवायचं काम धरलं होतं. तिथे रंगाशी संबंध नाही. मालकाने दोनदा मुकादमकी देऊ केली, पण मुकादमाला रंग पारखावे लागतात; दोन्ही वेळा त्याने पाठदुखी पुढे केली.

"इबूला बोलू नकोस," तो म्हणाला. वेनिंगच्या आईलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

 वेनिंगने खेळ बंद केला आणि दुसरंच काहीतरी उघडलं. पडद्यावर ओळीने छोटी छोटी चित्रं आली.

"हे खेळातले गोळे. नुसती चित्रं आहेत, बापाक. ही काढायची, आपली ठेवायची. झालं."

मुर्सोदोने बोटाने मोजले. "आठ आहेत?"

"तुम्हाला किती वाटत होते?"

"सहा."

तो पुन्हा खुर्चीत टेकला. "पण दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा? कोणी धरलं तर?"

"कोण धरणार? बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. उघडा, बघा, बदला, वाटा."

"फुकट?"

"फुकट."

 कारखान्यात ठशांच्या खोलीला दोन कुलपं होती. एका फुलाची नक्षी पलीकडच्या गल्लीत गेली म्हणून दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. आणि इथे कोणा अनोळखी माणसांनी आपली ठशांची अख्खी पेटी रस्त्यात उघडी ठेवली होती. वर चिठ्ठी, घ्या म्हणून. ही माणसं वेडी आहेत की मोठ्या मनाची, मुर्सोदोला ठरवता येईना.

त्याने पेन्सिल मागितली.

तासाभरात कागदावर आठ वर्तुळं झाली. एकात चार पाकळ्यांचं कावुंग, एकात तिरप्या धारेचं पारांग, एकात चांदण्या, एकात ढग. हात ठशाचा, रेघ कुठे हलली नाही. वेनिंगने फोनवर फोटो काढले, कापले, रंगीत गोळ्यांवर बसवले आणि खेळ पुन्हा सुरू केला.

मुर्सोदो बघतच राहिला. आठही गोळे वेगळे होते. लांबून, जवळून, कोपऱ्यातला, मधला, प्रत्येक गोळा आपापली ओळख सांगत होता. इतर माणसांना जग रोज असं दिसतं, हे त्याला आज समजलं. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने लपवलं नाही.

तार्मी गरम तळलेले तेंपे, सोयाबीनच्या वड्या, घेऊन परतली, पुडी टेबलावर ठेवून मुर्सोदोबरोबर खेळायला बसली आणि पाहता पाहता हरली. पुन्हा हरली.

"ही तर आपली नक्षी! गोळे कोणी बदलले? आणि कशाला?"

 वेनिंगने बापाकडे पाहिलं. "बापाक, हे त्या बनवणाऱ्यांना पाठवता येतं. त्यांना पटलं तर जगभर सगळ्यांच्या खेळात जाईल. पण कशासाठी केलं ते लिहावं लागतं."

तार्मी तेंपेचा तुकडा हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मुर्सोदो पडद्याकडे वळला.

"लिही. ज्यांना लाल आणि हिरवा एकच दिसतो, त्यांच्यासाठी." मग तार्मीकडे बघून तो म्हणाला, "मला दिसतो तसा."

वेनिंगची बोटं चालू लागली. तार्मीने तुकडा पुडीत परत ठेवला.

"मग लग्नात मी अंगात घातलेली केबाया?" तिने हळूच विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात, छान दिसतेस."

"रंग नाही सांगता येणार," मुर्सोदो म्हणाला. "बाहीवर मोगऱ्याच्या कळ्या होत्या. डाव्या बाहीवर सात. उजवीकडे सहाच, सातवीचा धागा तुटला होता."

तार्मीने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. मग खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवून बसली.

"खाली नाव घालायचं का?" वेनिंगने विचारलं. "नाही घातलं तरी चालतं. पण घातलं तर कोणीही वाचेल. इथलेसुद्धा."

अठ्ठावीस वर्षांत त्याने ठसे मारलेल्या हजारो कापडांच्या कडेला मालकाचं नाव गेलं होतं. मुर्सोदो उठला. मघाशी लावलेली खिडकी त्याने सताड उघडली.

"मुर्सोदो," तो मोठ्याने म्हणाला. "आणि गावही घाल."