करिश्माचं माप

लालसू बाण करायचा तो ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं, छातीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माणूस समोर नसेल तर बांबूला सुरी लावायचा नाही. अपवाद एकच, सुकरीबाईची करिश्मा. नऊ वर्षांची ती पोर मोहफुलं वेचायला गेली आणि परतलीच नाही. त्याला आता पाच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात सुकरीबाई तिच्या जुन्या मापाचा एक बाण करून घ्यायची आणि त्याच मोहाखाली ठेवून यायची.

यंदा ती गेल्या वर्षीचा बाण परत घेऊन आली.

"लालसूभाऊ, आखूड पडला तिले."

"बाई, पोरगी नाई राह्यली आता. काऊन जिवाले त्रास करून घेता?"

तिनं बाण पुढे केला. मागच्या टोकाला चार बोटं ओल्या बांबूचा जोड दिला होता, लांब काळ्या केसानं घट्ट बांधलेला.

"तुम्हीच बांधला असान हा," लालसू म्हणाला.

सुकरीबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. करिश्मा गेली त्या वर्षीच तिचे सगळे केस पांढरेफटक झाले होते.