हॉलिसच्या तळ्यातले चालते मासे

तुम्ही मला वेड्यात काढाल, पण हॉलिसच्या तळ्यातले पंचवीस बास मासे आपल्या पायांनी कुरण तुडवत माझ्या तळ्यात राहायला आले. उन्हाळाभर, फक्त रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये आणि मी दुखरा गुडघा घेऊन घरी असताना.

त्याआधी हॉलिसकडे गळ टाकला की बास लागायचा आणि मी माझ्या काठावर बगळ्यासारखा बसून असायचो. वर माझी बायको युला म्हणायची, "तळं असावं तर हॉलिससारखं." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या तळ्याला कधी बरं म्हटलं नव्हतं.

पण आलेल्या पाहुण्यांनी माझे बारके मासे वर्षभरात फस्त केले आणि उपासानं वाळून त्यांची नुसती डोकी तेवढी दिसायला उरली. हॉलिसकडे मागे राहिलेले मात्र डुकराच्या पिलांसारखे फुगले. परवा जत्रेत त्याच्या बासला पहिलं बक्षीस मिळालं, आणि टाळ्या वाजवण्यात युला सर्वांत पुढे.

हे मी पेंडीच्या दुकानाच्या ओट्यावर सांगत होतो. शेजारी हॉलिस उकडलेल्या शेंगा सोलत होता.

"डेल्मर, मासे चालत नाहीत रे," तो म्हणाला. "पंचवीस बास काढल्याशिवाय बाकीचे अंग धरणार नाहीत, असं मत्स्यखात्याच्या बाईंनी मला बजावलं होतं, आणि माझी तर कंबर गेलेली.

"म्हणून रविवारी चर्चला जाताना मी तळ्यातल्या माझ्या होडीचं कुलूप काढून, आत बादली ठेवून जायचो."