साधारण दगड

ज्योती कुरुंद्याला उतरली तेव्हा विहारासमोर मांडव घातलेला होता. फलकावर तिचा फोटो, खाली ठळक अक्षरं : 'अंटार्क्टिकात चंद्राचा दगड शोधणाऱ्या आपल्या गावच्या कन्येचा सत्कार'. तिचे वडील जळबा नव्या सदऱ्यात खुर्च्या लावत होते.

तिनं त्यांना बाजूला घेतलं.

"बाबा, दगड चंद्राचा न्हाई."

"तूच तर म्हनली फोनवर."

"असू शकतो, म्हनले होते."

बर्फावर तो लिंबाएवढा काळा दगड सापडला, त्या दिवशी तिला धीर धरवला नव्हता. पुढं प्रयोगशाळेत त्याची कागदासारखी पातळ चकती कापली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर मोहरीसारखे गोल दाणे दिसले. चंद्राच्या दगडात असे दाणे नसतात. तिनंच वर्गवारी लिहिली : साधारण कॉन्ड्राइट. आकाशातून पडणाऱ्या दगडांत सगळ्यात जास्त सापडणारी जात.

जळबा फलकाकडं बघत राहिले. "आखाडा बाळापूरच्या बाजारापोतर सांगून आलो मी."

"पर लई जुना हाय, बाबा. चंद्राहून जुना."

"कापला काहून मंग?"

"कापल्याबिगर कळत न्हाई."

"बराबर हाय," ते म्हणाले आणि परत खुर्च्यांकडं गेले.

फलक उतरवायला वेळच उरला नाही. माणसं जमली. विहाराच्या मंडळाचे संतराम बोलायला उठले आणि पहिल्याच वाक्यात चंद्र आला. आपण सांगावं म्हणून ज्योती खुर्चीतून अर्धी उठली, पण त्याआधी समोरच्या रांगेतून जळबा उभे राहिले.

"जयभीम," त्यांनी हात जोडले. "दगड चंद्राचा न्हाई. साधारण हाय. पोरीनं बराबर सांगितलं व्हतं. माझ्याच ऐकन्यात चूक झाली."

मांडवात कुजबुज झाली. ज्योतीला बोलायचं होतं. फोनवर आनंदानं आपण काय काय बोललो, ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. 'असू शकतो' हे तिनं अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता म्हटलं होतं. पण संतरामनी प्रसंग सावरत शाल उलगडली, ती तिच्या खांद्यावर टाकली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

शेजारच्यानं सदरा ओढून जळबांना खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. हात तसेच जोडून उभे होते.