गाड्या नसलेलं नागोया

"हायाशीसाहेबांना कुठे बसवायचं?" भिंतीवर पांढरी चादर ताणत प्रताप देवस्थळीने विचारलं.

"मधल्या सोफ्यावर," त्याची बायको नंदा म्हणाली. "आणि तू आधी घाम पूस."

मिशिगनमधल्या मार्च महिन्यात, रविवारी दुपारी, ट्रॉयच्या थंडगार बेसमेंटमध्ये माणसाला घाम यायचा म्हणजे कारण तसंच हवं. मोटारगाड्यांच्या कंपनीतलं प्रतापचं डिपार्टमेंट जूनमध्ये बंद होणार होतं. कंपनीत त्याच्याजोगी एकच जागा उरली होती : जपानी भागीदारांबरोबर काम करणारा इंजिनियर. अर्जात त्याने 'जपानची उत्तम माहिती, भाषा कामापुरती अवगत' असं ठोकून दिलं होतं. जपान त्याने पाहिला होता तो नकाशात. आणि निवड करणार होते कंपनीचे नवे जपान-तज्ज्ञ, हायाशी.

आज त्यांना आणि चार मराठी मित्रांना तो आपल्या 'जपान सहली'च्या स्लाइड्स दाखवणार होता. स्लाइड्स मात्र अस्सल होत्या. शेजारचे म्हातारे मिस्टर ओल्सन १९६१ साली नागोयाला गेले होते. ते वारल्यावर त्यांच्या जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमध्ये स्लाइड्सचा डबा प्रतापच्या हाती लागला. ओल्सनना प्रसिद्ध ठिकाणांचा कंटाळा असावा. त्यांनी टिपलं होतं ते बंद पडलेलं न्हाणीघर, गोदामामागचं देऊळ, आगीवर नजर ठेवायचा मनोरा, जुनी दगडी बँक. प्रत्येक स्लाइडवर पेन्सिलीने नाव.

अडचण एकच होती. ट्रॉयच्या मराठी माणसाला देऊळ ओळखू येत नाही, पण कोपऱ्यात गाडीचं नुसतं मागचं चाक दिसलं तरी तो मॉडेल आणि साल सांगतो. म्हणून प्रतापने गाडी दिसणारी प्रत्येक स्लाइड काढून टाकली. एकशेवीसमधल्या छप्पन्न उरल्या.

हायाशी बरोबर तीनला आले. चाळिशीचे, सडपातळ, मोजकं बोलणारे. बटाटेवड्याबरोबर त्यांनी मिरची मागून घेतली. इंग्रजी अगदी इथल्यासारखं.

"किती मेहनती माणसं," नंदा कुजबुजली. "बघ, उच्चारसुद्धा कसे घोटलेत."

पहिलीच स्लाइड एका लाकडी पाटीची होती. त्यावर पाच मोठी अक्षरं.

"डॅड, आर यू शुअर इट्स नॉट अपसाइड डाउन?" पंधरा वर्षांच्या रुपालीने विचारलं.

सगळ्यांनी हायाशींकडे पाहिलं. ते पाटीकडे बराच वेळ बघत राहिले, मग मान डोलावून म्हणाले, "सुंदर."

प्रतापचा जीव भांड्यात पडला. त्याला रंग चढला. "लोक काय, किल्ला बघतात आणि परत फिरतात. मी आपला गल्लीबोळात शिरतो."

"देवळात आत कोणती मूर्ती आहे?" धर्मराज गजभियेने विचारलं. तो नागपूरचा, घरचा बौद्ध. या विषयात त्याला थापा चालत नसत. "अमिताभ की शाक्यमुनी?"

"आत सोडत नाहीत."

"देवळात सोडत नाहीत?"

"फार कमी लोकांना माहीत असलेलं देऊळ आहे ते."

"मग तर आलेल्याला आत ओढून न्यायला हवं यार!"

प्रतापने घाईने पुढची स्लाइड टाकली. पाहुण्यांतले वयस्कर दिगंबरकाका चष्मा सावरत पुढे झुकले. "काय रे, रस्त्यात एकही गाडी नाही? गाड्या बनवणारा देश ना तो?"

"सगळ्या इकडे पाठवल्या, काका," धर्मराज म्हणाला.

हशा उठला आणि लगेच विरला. त्या वर्षी ट्रॉयमध्ये हा विनोद ज्याच्या त्याच्या नोकरीला लागत होता. सगळे का हसले ते हायाशींनी इंग्रजीत विचारून घेतलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

मग त्यांनी खिशातून वही काढली.

"ही बँक. स्टेशनवरून कसं जायचं?"

"दक्षिणेच्या दाराने बाहेर पडायचं."

"मग?"

"डावीकडे."

"किती वेळ?"

"बारा मिनिटं."

हायाशी सगळं लिहून घेत होते. मधूनच थांबून विचारत होते, पुन्हा लिहीत होते. प्रतापला आपण पोलिसांत जबानी देतोय असं वाटायला लागलं.

"त्या मनोऱ्यावर चढता येतं?"

"येतं."

"तुम्ही चढलात?"

प्रतापने नंदाकडे पाहिलं. नंदा वड्यांच्या ताटाकडे बघत होती.

"दोनदा," प्रताप म्हणाला.

पाच वाजता तो हायाशींना पोचवायला ड्राइव्हवेपर्यंत गेला. नोकरी जायचा जून महिना आताच आल्यासारखा वाटत होता. गाडीचं दार उघडून हायाशी थांबले.

"जागा तुमची. उद्या कागद पाठवतो."

हात जोडावेत की कमरेत वाकावं, प्रतापला कळेना. त्याने दोन्ही केलं.

"वाकू नका हो," हायाशी ओशाळून म्हणाले. त्यांनी शेजारच्या घरांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "एक सांगतो, कुणाला बोलू नका. मी कॅलिफोर्नियातला, फ्रेस्नोचा. जपानहून आले ते माझे आजोबा. मी तिकडे कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. कंपनीने माझा चेहरा बघून मला तज्ज्ञ केलं, आणि पगार बघून मी नाही म्हटलं नाही. बारा तारखेला कंपनीच्या प्रेसिडेंटना घेऊन नागोयाला जायचंय. महिनाभर झोप नव्हती, आज सुटलो. तिकडे आम्हाला हिंडवायचं काम तुमचं." ते गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "आणि मीटिंगमध्ये बोलायचंही तुम्हीच. मला जपानी एक अक्षर येत नाही."