नाव शेळीचं

“माझी लिली कुठंय?”

सहा आठवड्यांनी दवाखान्यातून घरी परतलेल्या बायकोचा हा पहिला प्रश्न. मांडीचं मोडलेलं हाड जुळवून घेऊन, नवऱ्याच्या आधारानं पायऱ्या चढून, वॉकर पुढे सरकवत ती व्हरांड्यात आली, खुर्चीत टेकली आणि समोर बघतच राहिली. उन्हाळा नुकता लागला होता. या दिवसांत कुंपणालगतचा वाफा नुसता पेटलेला असायचा. लाल लिली, मागे निशिगंधाचे दांडे, पुढे जर्बेरा. एकदा लावली की दर वर्षी आपणहून वर येणारी झाडं; अकरा वर्षं तिनं ती पोसली होती. आज तिथे सारखी केलेली माती होती. नळाच्या आडोशाला लिलीचा एकच दांडा तेवढा फुलला होता.

नवऱ्यानं, म्हणजे निवृत्त तिकीट-तपासनिसांनी, घसा खाकरला. ती येईपर्यंत बाग चकाचक करून तिला चकित करायचं म्हणून त्यांनीच कुदळ घेतली होती आणि गवत समजून सगळं उपटलं होतं. शेजारणीनं कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं होतं, “अहो भाऊ, गवत नाही ते, लिलीचे कांदे आहेत!” त्यावर त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती. “माझ्या बागेतलं मला कळतं,” म्हणाले होते.

“शेजारची शेळी शिरली,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“शेळी? मुळासकट?”

“उकरलं सगळं. मग मी माती सारखी केली.”

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस. थाप मारणाऱ्याचा चेहरा दोन बाकं आधीच ओळखायचे. आता स्वतःचा चेहरा कुठे न्यावा हे कळेना, म्हणून ते दारातल्या चपला सरळ करायला वाकले.

नेमकी तेव्हाच शेजारीण फाटकातून आत आली. शिवणकाम करायची ती. दुखऱ्या पायाला सोसतील असे दोन सैल गाऊन शिवून आणले होते.

“आलात का वहिनी! बरं झालं बाई.”

“शेळी सांभाळता येत नसेल तर पाळू नये माणसानं!” वहिनी कडाडल्या. “अकरा वर्षांची झाडं माझी! तिकडे पडल्या पडल्या दिवस मोजत होते मी, कधी फुलतील म्हणून. आणि तुला साधा दोर बांधता येत नाही?”

शेजारणीनं तपासनिसांकडे पाहिलं. क्षणभरच. ते अजून चपलांशीच होते.

“चुकलंच वहिनी,” ती म्हणाली. “दोर सोडवून घेतला असेल मेलीनं. लक्ष द्यायला हवं होतं.”

गाऊन खुर्चीच्या पाठीवर ठेवून ती निघून गेली. कोणीतरी कानफटात दिली असती तर सोसवलं असतं, असं तपासनिसांना वाटलं.

दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर ते कुंपणापाशी गेले. शेजारीण उकिडवी बसून आपल्या वाफ्यातले लिलीचे गड्डे मातीसकट काढत होती. काहींना कळ्या धरलेल्या.

“तुम्ही का बोलला नाहीत?” त्यांनी विचारलं.

“काय बोलणार होते?” ती हात न थांबवता म्हणाली. “आजच घरी आल्यात त्या. उठायला, बसायला, न्हाणीपर्यंत जायला तुम्हीच लागणार. तुमच्यावर चिडून जातील कुठं? मी काय, पलीकडे राहते. चार दिवस तोंड फिरवतील माझ्यापासून.” तिनं टोपली कुंपणावरून पुढे केली. “घ्या. वहिनींनीच दिलेल्या कांद्यांचे झालेत इतके. मुळं फार वेळ उघडी ठेवू नका.”

टोपली घेताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

ऊन उतरल्यावर ते वाफ्यात बसून एकेक गड्डा लावू लागले. बायको व्हरांड्यातून सूचना देत होती. जरा डावीकडे. पाणी अलगद, झारीनं. हळूहळू तिचा आवाज निवळत गेला.

“फार बोलले का हो मी तिला?”

तपासनीस माती दाबत राहिले.

“पण माणूस सरळ आहे बघा. आढेवेढे नाहीत, सबबी नाहीत. चुकलं म्हणाली आणि आपल्या बागेतली झाडं काढून दिली. कोण करतं असं?”

झारी तिरपीच राहून वाफ्याबाहेर पाणी गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“अहो, पाणी!”

“शेळी नव्हती,” ते म्हणाले.

“काय?”

“शेळी आलीच नव्हती. मी उपटलं सगळं. गवत वाटलं मला. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

बायकोनं एखाद्या अनोळखी माणसाला न्याहाळावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं वॉकर जवळ ओढला.

“कुठे निघालीस?”

“तिच्याकडे.”

“अगं, डॉक्टरांनी पायऱ्या उतरू नको म्हटलंय. मी बोलावतो तिला.”

“तिला कशाला बोलवायचं? आपल्याला जायचंय.”

व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. तपासनीस धावत आले, मातीचे हात सदऱ्याला पुसले आणि खालच्या पायरीवर उभं राहून हात पुढे केला. तिनं वॉकर सोडला, बाजूचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्यांच्या हाताकडे न बघता, दात-ओठ खात, पहिली पायरी उतरली.