कामिनीच्या हाताचा गुण

निसर्गोपचाराची पदवी घ्यायला कामिनीला साडेपाच वर्षं लागली. शरीररचना, रोगनिदान, आहार, सगळं शिकून ती अमळनेरला परतली आणि तिने घराखालीच दवाखाना थाटला. शेजारचे जीवराम नाना तोंडावरच म्हणाले, "पोटवर माती थापाले येवढं शिकनं पडस का?" गल्ली हसली. दवाखान्यात कुणी फिरकेना.

एका सकाळी तेच नाना छाती दाबत दारात आले. "गॅस व्हई गया, पोरी. काहीतरी लाई दे." कामिनीने त्यांचा घामेजलेला चेहरा पाहिला, नाडी पाहिली, रक्तदाब मोजला.

"नाना, हा गॅस नाही. हार्ट अटॅक दिसतोय. आत्ताच्या आत्ता धुळ्याला निघायचं."

नाना नको-नको म्हणत असतानाच तिने गाडी बोलावली, स्वतः शेजारी बसली आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरपुढे नेऊन उभं केलं. नाना वाचले. घरी आल्यावर ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "कामिनीना हातले गुण शे!"

मग एके दिवशी दवाखान्यापुढे पहिल्यांदाच चपलांचा ढीग पडला. कामिनीला भरून आलं. तिने सगळ्यांत पुढे बसलेल्या लताबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि गुडघा कधीपासून दुखतोय ते विचारलं.

लताबाई बाहेरच्या गर्दीकडे हात करत म्हणाल्या, "ते मी तठेच सांगसू, माय. तू फक्त धुळ्याले कोणता डॉक्टरकडे जावानं ते सांग. बठ्ठा लोक त्यानाकरताच येल शेतस."